पावसाळ्यातला मोठा पैसा किडा: माणसाला त्याचा धोका किती, आणि घरात-शेतात दिसला तर नेमकं काय करायचं

पावसाच्या चार दमदार सरी झाल्या की पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा या कोल्हापूर जिल्ह्याच्या पट्ट्यातल्या घरांत भिंतीवर, न्हाणीत, पायरीवर काळपट, बोटाएवढा जाड आणि असंख्य पायांचा किडा दिसायला लागतो. आपल्याकडं बरेच जण त्याला पैसा म्हणतात, काही भागांत वाणी म्हणतात, पुस्तकात आणि पेपरात मिलिपीड लिहितात. तो दिसायला लागला की मोबाईलवर त्याचे फोटोही फिरायला लागतात. खाली ठरलेला मजकूर असतो: विषारी आहे, हात लावू नका, दिसला की ठेचा. यातलं मधलं तेवढं बरोबर आहे. ठेचणं हे तर सगळ्यात चुकीचं काम, कारण माणसाला होणारा बहुतेक त्रास तो ठेचला, चिरडला किंवा दाबला गेला की मगच होतो.

आधी थेट उत्तर देतो. पैसा किडा माणसाला चावून विष सोडत नाही. त्याला नांगी नाही, विषाचा दात नाही. त्याचा जबडा कुजलेली पानं, मऊ पडलेलं लाकूड आणि बुरशी कुरतडण्यापुरता असतो. धोका आहे तो त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंनी पाझरणाऱ्या द्रवाचा. कातडीवर हा द्रव आग करतो आणि काळा-तपकिरी डाग पाडतो. डोळ्यात गेला तर मात्र प्रकरण गंभीर होऊ शकतं. पुढचं सगळं लिखाण या एका गोष्टीभोवती आहे.

पहिलं काम: पैसा आहे की घोण, हे ओळखा

पैसा आणि घोण यांत गल्लत झाली तर दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. पैसा समजून घोणीला हात लावला तर ती कडकडून चावते. घोण समजून पैशावर चप्पल हाणली तर द्रवाचे शिंतोडे उडतात. म्हणून पहिले दोन क्षण फक्त बघा.

पैसा गोल, नळीसारखा असतो. चाल संथ. पाय आखूड आणि बहुतेक अंगाखालीच असतात. अंगाच्या जवळजवळ प्रत्येक कड्याला पायांच्या दोन जोड्या असतात, डोक्यालगतची पहिली काही कडी तेवढी सोडून. डिवचला तर पळत नाही, डोकं आत घेऊन चपटी गुंडाळी करून पडून राहतो.

घोण, म्हणजे मोठी गोम, चपटी असते. प्रत्येक कड्याला पायांची एकच जोडी, पण ते पाय लांब आणि बाहेर पसरलेले. ती विजेसारखी पळते, नागमोडी वळते आणि डिवचली तरी गुंडाळी करून बसत नाही. तिच्या डोक्याखाली पायांच्या पहिल्या जोडीचे विषारी आकडे झालेले असतात. ती शिकारी आहे. झुरळं, किडे, प्रसंगी पालीची पिल्लंसुद्धा खाते. चावली की भयंकर ठणका लागतो.

अंधारात, घाईत एवढं सगळं बघणं होत नाही. तेव्हा एकच लक्षात ठेवा: उजेड पडल्यावर जे पळालं ते घोण समजा, जे थांबलं किंवा गुंडाळलं गेलं ते पैसा.

आपल्या भागात पैशाचेही बरेच प्रकार सापडतात. जगभरात त्यांच्या १२,००० च्या आसपास जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. आपल्या कामाचे तीन गट सांगतो. पहिला, लांब आणि गोल अंगाचा काळा किंवा तांबूस-तपकिरी पैसा. घाटाकडच्या जंगलात याच गटातले वीतभर लांबीचे, लालसर पायांचे थोराड किडे दिसतात. दुसरा, बोटाच्या पेराएवढा, चपटा, काळा आणि कडेला पिवळे ठिपके असलेला. हा एकटा कमी दिसतो, पावसाळ्यात घोळक्यानं रस्त्यावर, भिंतीवर फिरतो. तिसरा, आखूड आणि रुंद अंगाचा, हात लावताच पूर्ण गोल गोळा होणारा. हा पश्चिम घाटाच्या दाट रानात पानांच्या थराखाली मिळतो. त्याच्याकडं असा द्रव सोडणाऱ्या ग्रंथीच नाहीत, कठीण कवच आणि गोळा होणं हाच त्याचा बचाव. पहिल्या दोघांपासून जपायचं.

आफ्रिकेतला राक्षसी पैसा ३० सेंटिमीटरच्या पुढं जातो, आणि त्याचेच फोटो आपल्याकडं 'पन्हाळ्यात सापडला' म्हणून फिरवले जातात. लांबी जास्त म्हणून विष जास्त असा हिशोब या किड्याला लागू होत नाही. मोठ्या किड्यात द्रव अर्थातच जास्त असतो, पण त्रास किती होणार हे तो द्रव कुठं लागला आणि किती वेळ राहिला यावर ठरतं.

तो द्रव असतो तरी काय

लांब गोल पैशाच्या कड्यांवर दोन्ही बाजूंना बारीक छिद्रं असतात. त्याला त्रास झाला, दाब पडला की त्या छिद्रांतून पिवळसर-तपकिरी थेंब बाहेर येतात. एखादा पैसा पानासकट उचलून बाजूनं जवळून बघितलात तर हे थेंब स्वच्छ दिसतात: अंगाच्या मधोमध सरळ ओळीत, टाचणीच्या टोकाएवढे, आधी फिकट आणि मग बघता बघता गडद. वास नाकात झोंबतो. यात बेंझोक्विनोन नावाची रसायनं असतात. मुंग्या, कोळी, पक्षी यांना पळवून लावण्यासाठी निसर्गानं दिलेलं हे हत्यार आहे. बाहेरच्या देशांतल्या काही माकडांना याचा वेगळाच उपयोग सापडलाय. दक्षिण अमेरिकेतली कॅपुचिन माकडं पैसे पकडून अंगाला चोळतात आणि त्या द्रवामुळं डास लांब राहतात. माणसानं हे करून बघू नये.

पिवळ्या ठिपक्यांच्या चपट्या प्रकाराचं रसायन निराळं. तो अगदी थोड्या प्रमाणात हायड्रोजन सायनाईड वायू सोडतो, सोबत कडू बदामाचा वास येतो. सायनाईड म्हटल्यावर छातीत धस्स होतं, पण उघड्या हवेत एवढ्याशा किड्यातून निघणाऱ्या वायूनं माणसाला काही होत नाही. पोरांना मात्र एक सवय सोडायला लावा: असे मूठभर किडे काचेच्या बरणीत भरून घट्ट झाकण लावायचं, वर त्याच बरणीत दुसरा एखादा किडा टाकायचा. तो दुसरा किडा मरतो. आणि झाकण उघडून नाक लावून वास घेणं कुणाच्याच हिताचं नाही.

हातापायाला द्रव लागला तर

कोल्हापूर जिल्ह्यात हे बहुतेक वेळा तीन प्रकारांनी घडतं. दाराबाहेर काढून ठेवलेल्या बुटात किडा शिरलेला असतो आणि सकाळी घाईत पाय घातला जातो. जुन्या कौलारू घरात तो वरून अंथरुणावर पडतो आणि झोपेत अंगाखाली येतो. किंवा वैरण, जळण, पाचट उचलताना मुठीत चिरडतो. पहिल्या प्रकारात बोटांना, दुसऱ्यात पाठीला किंवा मानेला आणि तिसऱ्यात तळहाताला डाग पडतो.

करायचं असं:

लगेच, म्हणजे पहिल्या काही मिनिटांत, वाहत्या पाण्याखाली धरा. साबण लावा, पण घासू नका. कपड्याला, मोज्याला द्रव लागला असेल तर तो आधी काढा, नाहीतर धुतलेल्या जागी पुन्हा लागत राहतो. अंगठी, जोडवी, घड्याळ काढून त्याखालची जागा धुवा. पाच-दहा मिनिटं सलग धुणं चालू राहू द्या.

धुऊन झाल्यावर कातडी सोललेली नसेल तर सर्जिकल स्पिरिटच्या बोळ्यानं एकदा अलगद पुसून पुन्हा पाण्यानं धुतलं तरी चालतं. या द्रवाचा उरलेला अंश अल्कोहोलमध्ये विरघळतो. हा उपाय चेहऱ्याजवळ, डोळ्याजवळ आणि लहान बाळाच्या अंगावर करायचा नाही.

चुना, हळद, टूथपेस्ट, रॉकेल, तंबाखूचं पाणी, राख यांतलं काहीही लावू नका. रसायनानं आधीच चुरचुरणाऱ्या कातडीवर चुना म्हणजे दुसरं रसायन. वर या लेपांमुळं डॉक्टरांना मूळ जखम नीट दिसत नाही.

आता डागाबद्दल, कारण लोक सगळ्यात जास्त घाबरतात ते याला. सुरुवातीला पिवळसर दिसणारी जागा काही तासांत तपकिरी होते आणि दुसऱ्या दिवशी जांभळट काळी पडू शकते. आग कमी झालेली असते, पण रंग वाढत जातो. म्हणून वाटतं, विष चढतंय, बोट सडतंय. तसं नसतं. तो कातडीला बसलेला रंग आहे. साबणानं, दगडानं घासून तो जात नाही, वरची कातडी झडेल तसा काही आठवड्यांत, कधी दोन-तीन महिन्यांत उतरतो. घासून घासून कातडी सोलवटली तर तिथं जंतुसंसर्ग होईल, तेवढंच.

दवाखान्यात गेलात तर डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात किड्याबद्दल सांगा आणि शक्य असेल तर फोटो दाखवा. पायाचं बोट अचानक काळं पडलेलं बघून रक्तपुरवठा बंद पडल्याची, भाजल्याची, लहान मुलाच्या बाबतीत तर मारहाणीची शंका येऊ शकते, आणि तसे घोटाळे वैद्यकीय लिखाणात नोंदलेले आहेत. एक फोटो बराच ताप वाचवतो.

फोड आले, सूज वाढत गेली, जागेतून पाणी किंवा पू यायला लागला, ताप आला, किंवा मधुमेहाच्या माणसाच्या पायाला हे झालं, तर घरी थांबू नका. फोड घरी फोडायचा नाही.

डोळ्यात गेला तर: इथं वेळ घालवू नका

या सगळ्या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा. रोप लावणीच्या दिवसांत हाताला द्रव लागलेला असतो, कपाळावरून घाम ओघळतो आणि त्याच हातानं डोळा पुसला जातो. लहान पोरं तर किडा हाताळून लगेच डोळे चोळतात. उष्ण कटिबंधातल्या काही मोठ्या जाती द्रवाची चिळकांडीही उडवतात, म्हणून चेहरा जवळ नेऊन बघायचं नाही.

डोळ्यात गेल्याबरोबर आग, पाण्याच्या धारा, पापणी सुजणं, उजेड सहन न होणं सुरू होतं. डोळ्याचा पांढरा भाग लाल होतो. द्रव जास्त असेल तर बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला जखम होऊ शकते, आणि उपचाराला उशीर झाला तर नजरेवर परिणाम होऊ शकतो.

डोळा चोळू नका. आधी आपले हात साबणानं धुवा, हे विसरलं जातं. मग डोकं एका बाजूला कलंडून, दुखरा डोळा खालच्या बाजूला ठेवून, स्वच्छ पाण्याची बारीक धार नाकाच्या बाजूकडून बाहेरच्या कडेकडं सोडा. दुखरा डोळा खाली यासाठी की पाणी चांगल्या डोळ्यात जाऊ नये. दुसऱ्या माणसानं पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात, कारण दुखणारा डोळा आपोआप मिटतो आणि पाणी नुसतं गालावरून वाहून जातं. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढा. हे पंधरा ते वीस मिनिटं करायचं. घड्याळ लावा. दोन मिनिटांतच 'बास झालं' असं वाटतं, पण बास झालेलं नसतं.

शेतात नळ नसेल तर पिण्याच्या पाण्याची बाटली वापरा. ओढ्याचं, खाचरातलं गढूळ पाणी नको. गुलाबपाणी, मध, आईचं दूध, घरात पडून असलेले डोळ्याचे थेंब, काहीही घालायचं नाही. जुन्या थेंबांत स्टिरॉइड असू शकतं, आणि बुबुळाला जखम असताना ते घातक ठरतं.

धुऊन झाल्यावर बरं वाटलं तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडं जा. बुबुळावरच्या त्या पारदर्शक पडद्याची जखम रंगाचा थेंब टाकून खास दिव्याखालीच दिसते. गावाकडून निघायचं असेल तर धुणं पूर्ण करून निघा. दवाखाना गाठायच्या घाईत धुणं टाळलं तर त्या तासाभराच्या प्रवासात द्रव डोळ्यातच राहतो.

बाळानं तोंडात घातला, कुत्र्यानं चावला, कानात गेला

रांगतं बाळ जमिनीवरचं काहीही उचलतं. किडा तोंडातून काढा, ओल्या स्वच्छ फडक्यानं ओठ, हिरड्या, जीभ पुसा, थोडं पाणी पाजा. उलटी करायला लावू नका, कारण तोच द्रव घशातून पुन्हा वर येईल. हात धुवा, नाहीतर तो हात पुढं डोळ्यात जाणार. तोंड येणं, सतत लाळ गळणं, गिळायला त्रास, श्वासात घरघर यांतलं काही दिसलं तर डॉक्टरांकडं न्या.

कुत्र्याचंही तसंच आहे. एकदा तोंडात घेतो, फेस येतो, थुंकून टाकतो आणि परत नादाला लागत नाही. तोंडावर पाणी मारा, पंजानं डोळा खाजवत असेल तर डोळा धुऊन जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा.

कानातून मेंदूत जातो ही भीती मनातून काढून टाका. कानाच्या नळीच्या टोकाला पडदा आहे, पुढं वाट नाही. मोठा पैसा तर कानात मावतही नाही. लहान किडा गेल्यासारखं वाटलं तर काडी, पिन, इअरबड घालू नका आणि कानाच्या डॉक्टरांकडं जा.

आणि चावलंच असेल तर

अंगावर दोन टोचल्याच्या खुणा आणि जबर ठणका असेल तर तो पैसा नव्हे. घोण असेल आणि ती डोळ्यांनी बघितली असेल तर जागा साबणानं धुवा, सोसवेल एवढ्या गरम पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवा. त्यानं ठणका उतरतो. पाणी कसं आहे हे आधी दुसऱ्यानं हात घालून बघावं, नाहीतर वेदनेच्या भरात भाजून घेतलं जातं. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. अंगभर गांधी, श्वास लागणं, चक्कर असं झालं तर लगेच १०८ ला फोन करा.

पण रात्री अंथरुणात काहीतरी चावलं आणि काय ते दिसलंच नाही, तर 'घोण असेल' म्हणून झोपी जाऊ नका. मण्यार रात्रीच घरात येतो, त्याचा दंश दुखतही नाही आणि खूण धड दिसत नाही. अशा वेळी सर्पदंश समजूनच दवाखाना गाठायचा. फोनवर सांगतानाही घाई करू नका. घोण आणि घोणस ऐकायला सारखे वाटतात आणि दोन्हींचे उपचार पूर्ण वेगळे आहेत. पायांचा किडा की साप, हे स्पष्ट सांगा.

घरातून बाहेर काढायची रीत

सुपली आणि केरसुणी. याहून चांगलं साधन नाही. सुपली किड्यासमोर टेकवा, केरसुणीचं टोक मागून हलकंच लावा. तो गुंडाळी करतो आणि गुंडाळी झाली की काम सोपं होतं. सुपलीत घ्या, परड्यात किंवा गल्लीच्या कडेला झाडाखाली पाला असेल तिथं सोडा. भिंतीवर उंच असेल तर खाली डबा धरून काठीनं सैल करा. झटकून खाली पाडू नका, खाली कोणीतरी उभं असतं.

चिरडलाच गेला असेल तर उघड्या हातानं पुसू नका. प्लास्टिकची पिशवी हातात घालून कागदानं उचला, मग साबणाच्या पाण्यानं फरशी पुसा. पांढऱ्या फरशीवर आणि चुन्याच्या भिंतीवर डाग राहतो, म्हणून लगेच पुसा. ते फडकं टाकून द्या.

मीठ टाकणं, रॉकेल ओतणं, काडी लावणं हे प्रकार अजून चालतात. किडा तडफडतो तसा जास्त द्रव सोडतो, म्हणजे आपणच धोका वाढवतो. चुलीत टाकला तर वर धूरही नाकात जातो.

तो घरात येतोच का, आणि येऊ नये म्हणून काय

या किड्याच्या कवचात कॅल्शियम भरपूर असतं, पण पाणी धरून ठेवणारा मेणाचा थर मात्र इतर किड्यांइतका पक्का नसतो. कोरड्या हवेत तो सुकून मरतो. म्हणून उन्हाळाभर जमिनीत, ओंडक्याखाली, दगडाखाली दडून बसतो आणि पहिल्या पावसाला बाहेर पडतो. खायला मिळतं, जोडीदार मिळतो. नंतर संततधार लागली की जमिनीतल्या पोकळ्या पाण्यानं भरतात, तिथं श्वास घेणं कठीण होतं, मग तो उंचावर चढतो. ती उंच जागा म्हणजे कधी चिव्याचं बेट, कधी आपली भिंत.

घरात त्याला काही नको असतं. धान्य खात नाही, कपडे खात नाही, डासासारखा रोग पसरवत नाही. बहुतेक घरांत एक-दोन दिवसांत सुकून कोपऱ्यात मरून पडलेला दिसतो. म्हणूनच घरात औषध मारण्याला अर्थ नाही. आतला मरणारच आहे, आणि बाहेरचा येतच राहणार आहे. औषधाचा त्रास होतो तो पोरांना, मांजराला आणि मेलेला किडा टिपणाऱ्या कोंबड्यांना.

मे महिन्याच्या शेवटीच भिंतीभोवतीची दोन-तीन फुटांची पट्टी मोकळी करा. पालापाचोळा, फुटकी कौलं, विटांचा ढीग, कुजकी फळी, सगळं हलवा. जळण आणि शेणी भिंतीला टेकवून रचायची सवय मोडणं अवघड आहे, पण निदान दोन दगडांवर फळ्या टाकून जमिनीपासून उचलून रचा. कुंड्या भिंतीपासून सरकवा. पागोळ्यांचं पाणी पायाशी मुरत असेल तर त्याला चर काढून वाट द्या. सगळ्यात मोठा फरक याच कामानं पडतो.

मग फटी. दाराखाली रबराची पट्टी, मोरीच्या तोंडाला बारीक जाळी, पाइप भिंतीत शिरतो तिथं सिमेंट. जुन्या दगडी घरांत सांधे मोकळे झालेले असतात, ते पावसाआधी भरून घ्या. उंबऱ्याबाहेर चुन्याची रेघ ओढतात ती पहिल्या सरीत वाहून जाते, तिच्या भरवशावर राहू नका.

आत झोपण्याची व्यवस्था बदला. पावसाळ्यात कौलारू घरात जमिनीवर झोपणाऱ्यांनी, विशेषतः लहान मुलं असतील तर, मच्छरदाणी लावून तिच्या कडा अंथरुणाखाली खोचाव्यात. एकाच मच्छरदाणीनं डास, घोण, मण्यार आणि वरून पडणारा पैसा हे चारही अडतात. बूट, गमबूट उलटे करून, आपटून मगच पाय घाला. पायताण बाहेर काढून ठेवलेलं असेल तर तेही झटका.

शेतात: शत्रू कधी, मित्र कधी

उसाचं पाचट ठेवलेल्या रानात, शेणखताच्या ढिगात पैसे दिसले की काही जण कपाळाला हात लावतात. खरं तर पाचट बारीक करून मातीत मिसळण्याचं काम तो फुकट करतोय. कुजका पाला तो खातो, बारीक चुरा करून टाकतो, पुढचं काम जिवाणू आणि बुरशी करतात. दक्षिण भारतात गोळा होणाऱ्या जाती वापरून पालापाचोळ्याचं खत करण्याचे प्रयोगही झालेत. अशा रानात त्याच्या नादाला लागू नका.

अडचण येते सोयाबीन, भुईमूग उगवताना. पेरणी झाली, कोंब वर आले आणि पावसानं ओढ दिली तर ओलाव्यासाठी तो कोवळ्या रोपांकडं वळतो. शेंड्याशी, जमिनीलगत रोप कुरतडलेलं दिसतं. राज्याच्या काही भागांत सोयाबीन आणि कपाशीत याचा उपद्रव जाणवण्याइतका झालाय. दिवसा रान मोकळं दिसतं, कारण तो रात्री खातो. म्हणून बॅटरी घेऊन अंधार पडल्यावर फेरी मारा, आणि रोपं खाणारा पैसा आहे, गोगलगाय आहे की आणखी काही, हे आधी नक्की करा.

पैसाच असेल तर संध्याकाळी बांधाच्या कडेनं ओल्या गवताचे छोटे ढीग किंवा ओली पोती पसरून ठेवा. रात्रभर खाऊन पहाटे तो ओलाव्यात लपायला त्याच ढिगांखाली जमतो. सकाळी ऊन चढायच्या आत हातमोजे घालून, खोऱ्यानं किंवा चिमट्यानं गोळा करा आणि साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाका. बादलीवर वाकून वास घेत बसू नका आणि ते पाणी विहिरीजवळ, ओढ्यात ओतू नका. हे पाच-सहा दिवस सलग केलं तर रोपं नाजूक अवस्थेतून बाहेर पडतात. एकदा खोड टणक झालं की त्याला तिथं रस उरत नाही. एवढं करूनही नुकसान वाढत असेल तर दुकानदाराच्या सांगण्यावरून औषध न आणता सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीच्या कृषी सहायकांना) रान दाखवा.

पोरांना दाखवायचा असेल तर

जरूर दाखवा. सुट्टीत अंबा घाटाकडं किंवा गगनबावड्याकडं गेलात तर वाटेच्या कडेला पैसा भेटेलच. त्याला चालू द्या आणि बाजूला बसून, हातभर लांबून बघा. पाय एकेक करून पडत नाहीत. भाताच्या खाचरावरून वारा फिरावा तशी पायांची लाट मागून पुढं सरकत जाते. डोकं खाली, दोन आखूड मिशा सतत जमिनीवर टेकत, चाचपत. नजर अगदी अधू, वाट सापडते ती मिशांवर. मग पोरं पाय मोजायला लागतात. मिलिपीड म्हणजे 'हजार पायांचा', पण हजार कधीच भरत नाहीत, आपल्याकडच्या मोठ्या किड्यालाही काहीशेच असतात. खरोखर हजाराच्या पुढं पाय असलेली जात ऑस्ट्रेलियात जमिनीखाली सुमारे ६० मीटर खोल सापडली आणि २०२१ मध्ये जाहीर झाली. तिच्या एका मादीला १,३०६ पाय होते. आणि अंड्यातून निघालेल्या पिल्लाला सहसा फक्त तीनच जोड्या असतात. प्रत्येक वेळी कात टाकताना कडी वाढतात, तसे पाय वाढतात.

कधी कधी पानाखाली पैशाला सोंड खुपसून बसलेले लाल-काळे ढेकणासारखे किडे दिसतील, पाच-सहाजण एकत्र. पैसा खाण्यात तरबेज झालेली ही मारेकरी ढेकणांची जात आहे, त्या द्रवाला ती दाद देत नाही. तिला बोट लावू नका, ती मात्र सोंडेनं टोचते.

उचलायचाच झाला तर पानावर किंवा काडीवर चढू द्या, मुठीत नको. राधानगरी अभयारण्यात आणि राखीव वनात जागेवरच बघायचा, बाटलीत घालून घरी आणायचा नाही. घरच्या परड्यातला थोडा वेळ बघायला ठेवलात तर हवा जाईल असा डबा, तळाशी ओली माती आणि कुजका पाला द्या, ऊन लागू देऊ नका, संध्याकाळी जिथून उचलला तिथंच सोडा. पोरांचे हात साबणानं कोपरापर्यंत धुऊन घ्या, आणि ते होईपर्यंत डोळ्याला आणि शेंगदाण्याच्या पुडीला हात लावू देऊ नका.